विकतचं ताक

माय चैत्रात गेली. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले आणि देवपूरच्या घरात आम्ही बापलेक उरलो, आबा आणि मी. एक्याण्णवचा वैशाख, भिंतीला हात लावला तर चटका बसे. आबा जेवेनासे झाले. माय उन्हाळ्यात चिंचेचं गार सार करायची, त्यात ते भाकरी कुस्करून खायचे. माझ्या सारात त्यांनी बोट बुडवलं आणि वाटी सरकवली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल.

शाळेचे पेपर तपासून दुपारी येताना लीलाधरभाऊंच्या डेअरीत दूध घ्यायला थांबले.

"बाई, मसाल्याचं ताक आलंय. गारेगार! पिशवी फोडायची, वाटीत ओतायची, झालं जेवण."

आमच्या घरात ताक येत नसे. आबा लहान असताना त्यांची आई पाटलाच्या ओट्याखाली लोटा धरून उभी राहायची. वरून ताकाची धार पडायची, कुणाचा हात न लागता. एकदा ती आबांच्या डोक्यावर सांडली आणि ओट्यावरचे सगळे हसले. तेव्हापासून त्यांनी ताक तोंडाला लावलं नव्हतं. हे मला मायनं सांगितलं होतं, त्यांनी कधीच नाही.

तरी मी पिशवी घेतली. दुसरं काही सुचत नव्हतं.

वाटी पुढे ठेवली. जिऱ्याचा वास आला. आबांनी मान वर केली.

"कोनाकडथून मांगी आनं वं?"

"मागून नाही, आबा. विकत आणलं."

"इकत? ताक?"

"डेअरीतून. फ्रीजमधलं."

"पिशवी दाखाड."

रिकामी पिशवी त्यांनी उलटून पालटून पाहिली. किंमत वाचली.

"कोनी बी लेवाले जास?"

"कुणीही. पैसे द्यायचे, घ्यायचं."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "भाकर दे."

भाकरी कुस्करली, ताकात कालवली आणि सगळी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिले. त्या पिशवीचे, त्या फ्रीजचे किती आभार मानू, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशीची पिशवी त्यांनी गालाला लावून पाहिली.

"हाई ठंडं नही शे."

"उन्हातून आणली, आबा."

ते उठले. टोपी घातली, चपला शोधल्या. माय गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मी छत्री घेऊन मागे धावले, तोवर ते डेअरीच्या दारात पोचलेही होते.

"पैसा दिधा शेतस. ठंडं दे."

लीलाधरभाऊंनी फ्रीज उघडला. "आबा, तुमची पोरगी तर कधी तक्रार करत नाही."

"ती शाळामा शिकाडस," आबा म्हणाले, "तिले भांडता येस नही."

आणि नवी पिशवी गालाला लावून, तिथंच, सगळ्या गिऱ्हाइकांच्या मध्ये, ते उभे राहिले.