कात्रीचा आवाज

मास्तरीणबाई दोन पोलिसांबरोबर वखारीच्या फाटकात दिसल्या आणि भंगारवाले मामा हातातलं काम टाकून उठले.

"या नंबरची पांढरी गाडी काल एकाला उडवून पळाली," पोलिसाने कागद पुढे केला. "नंबर अजून बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्याच नावावर आहे. त्या म्हणतात, गाडी वर्षापूर्वी तुमच्याकडे मोडीत काढली."

नंबर मामांच्या चांगला ओळखीचा होता.

गाडी मोडीत निघाली की तिच्या दोन्ही नंबरप्लेट मालकाच्या डोळ्यांदेखत कापायच्या, तुकडे नोंदणी कार्यालयात जमा करायचे, मग तो नंबर रद्द होतो. मामांना हा नियम तोंडपाठ होता, पण पाठ असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. चांगला जाड पत्रा वाया घालवायचा म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून वखारीमागच्या खुराड्याला सगळं छप्पर नंबरप्लेटांचं होतं. आमच्या कोंबड्या गाडीखाली येत नाहीत, गाडीत राहतात, असं मामी हसून सांगायच्या.

बाई नवऱ्याची गाडी घेऊन आल्या तेव्हा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. "मामा, मला नाही बघवणार. मी पाठ करून उभी राहते, तुम्ही उरका," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. मामांनी प्लेटा हळूच बाजूला सारल्या आणि तेलाचा रिकामा डबा कराकरा कापला. बाईंनी डोळे पुसले. तुकडे मी जमा करतो, तुम्ही कशाला हेलपाटे घालता, असं मामा म्हणाले, तर बाईंनी वर त्यांचे आभार मानले.

त्यातली एक प्लेट गेल्या आठवड्यात छपरावरून नाहीशी झाली होती. वाऱ्याने उडाली असेल म्हणून मामांनी तिथे पोतं टाकलं होतं. आता कळलं, ती कोणीतरी चोरून आपल्या गाडीला लावली होती.

"मामा, सांगा ना यांना," बाई म्हणाल्या. चेहरा पार उतरला होता, पण मामांकडे त्या मोठ्या आशेने बघत होत्या. "मला चौकीत नेणार म्हणतात. तुम्ही कापल्यात ना?"

"कापल्या तर."

"मग तुकडे दाखवा," पोलीस म्हणाला.

"आहेत मागे. जमा करायचे राहून गेले. आणतो." आपण काय बोललो ते मामांना बोलल्यावर समजलं.

खुराड्यापाशी मामी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अहो, खरं सांगून टाका. त्या बिचारीला कशाला अडकवताय?"

"खरं सांगितलं तर मला नेतील. वखारीला टाळं लागेल." मामा पुटपुटले. उरलेली प्लेट त्यांनी छपरातून उपसली, तशा कोंबड्या फडफडल्या. एका प्लेटीचे का होईना, तुकडे दाखवता येतील. घाईत कात्री पत्र्यावर धड बसेना. शेवटी बसली. कर्र, कर्र.

बाहेरून बाईंचा आवाज आला. किती दिवसांनी त्या मोकळेपणी बोलत होत्या.

"ऐकलंत साहेब? हाच आवाज. त्या दिवशी मी असाच ऐकला होता. आमचे मामा खोटं नाही बोलायचे."

"मग आता हे काय कापतायत?" पोलिसाने विचारलं. कात्री प्लेटीच्या मधोमध अडकली होती. मग बूट वाजत खुराड्याकडे येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग बाईंची सावकाश पावलं. मामांना त्या पावलांचीच जास्त भीती वाटली.