यादीतलं अकरावं नाव

डोंगरातल्या लोकांच्या सुईणबाईंना सगळे मावशीच म्हणत. नव्या राज्यघटनेत आपल्या जमातीलाही विधिमंडळात जागा मिळावी, म्हणून मावशींनी चार वर्षं घटना समितीचे उंबरठे झिजवले होते. अखेर ठराव झाला : आजवर बाहेर राहिलेल्या अकरा जमातींना प्रत्येकी एक जागा. डोंगरात आनंदीआनंद झाला.

आठवड्याभराने सकाळीच फोन वाजला.

"मी सरकारी छापखान्यातून बोलतेय, मुद्रितं तपासते. कलमात अकरा जमाती लिहिल्यात, यादीत मात्र नावं दहाच. तीनदा मोजली. बातमीत तुमच्या जमातीचं नाव वाचलं होतं, ते इथे नाही."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. "मग आता काय करायचं हो?"

"समितीचा कारकून म्हणाला, आलंय तसं छापा. मी त्याच्याकडून तुमचा नंबर तेवढा काढला आणि पान अडवून धरलंय. दुपारी दोनला यंत्र सुरू होईल. सहीशिक्क्याचा ठराव आहे तुमच्याकडे?"

होता. मावशींनी तो पिशवीत घातला, थोरल्या जावेला सोबत घेतलं आणि मिळेल ती बस पकडली. वाटभर जाऊबाई समितीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मावशी गप्प. बाळ आडवं आलं की त्या अशाच गप्प व्हायच्या.

दीड वाजता त्या छापखान्यात पोचल्या. जाड चष्म्याच्या, कोपरापर्यंत शाई लागलेल्या बाईंनी ठराव ओळीवर बोट ठेवून वाचला आणि तडक व्यवस्थापकांपुढे ठेवला. ते कुरकुरले, पण त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. दहा मिनिटांनी म्हणाले, "घाला नाव."

बाई मावशींकडे वळल्या. "एक विचारू? तुमच्या जमातीच्या नावातला मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ? कागदोपत्री दोन्ही सापडतात."

चार वर्षांत मावशींना लोकसंख्या किती, मतं किती, सगळं विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"लांब," त्या म्हणाल्या. "हाक मारल्यासारखा." आणि त्यांनी ते नाव म्हणून दाखवलं.

पहिलं ओलं पान बाहेर आलं. अकरा नावं. मावशींनी बाईंचा शाईचा हात दोन्ही हातांत धरला.

"अहो, माझं कामच आहे ते."

"असू दे की. तुम्ही ते केलंत."

जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बसमधल्या शिव्या मागे घेते मी. सगळ्या नाही हं, अर्ध्या."

पुढल्या वर्षी डोंगरातली पहिली सदस्या निवडून आली. तिच्या शपथविधीचे दोन पास मिळाले. एकावर मावशी गेल्या. दुसरा त्यांनी छापखान्याच्या पत्त्यावर पाठवला होता.