सहावं बटण

मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या क्लबचा सामना परगावच्या मैदानावर होता. ऊन असं होतं की व्हॅनच्या दाराला हात लावला की चटका बसायचा. तरी मास्तरांनी पंचाचा पांढरा कोट इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून मांडीवर आडवा धरून आणला होता. कोट त्यांनीच शिवलेला. आठवडाभर दुकानात लोकांचे कपडे शिवायचे आणि रविवारी पंचगिरी करायची, असा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता. शेजारी त्यांची मुलगी, मांडीवर स्कोअरबुक घेऊन. शाळेत असल्यापासून स्कोअर तीच लिहायची.

दोन्ही क्लब आपापला एकेक पंच द्यायचे. बाकीचे पंच चेंडू मोजायला खडे वापरत. मास्तर बटणं वापरत. कोटाच्या उजव्या खिशात सहा बटणं. चेंडू पडला की एक बटण डाव्या खिशात टाकायचं. उजवा खिसा रिकामा झाला की षटक संपलं.

या मैदानावर त्यांचा क्लब अकरा वर्षांत जिंकला नव्हता. कर्णधाराचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दर वर्षी परतताना सगळे त्याला विचारायचे, की बाबा रे, तुला चेंडू दिसतो तरी का. त्या दिवशी मात्र गोष्ट रंगली. शेवटच्या षटकात यजमानांना जिंकायला पाच धावा हव्या होत्या आणि पहिले चार चेंडू कोरे गेले. पाचव्या चेंडूवर दुसरी धाव घेताना फलंदाज पडला, उठला, धडपडत पोचला. मास्तर वाकून, पळून नीट बघायला बाजूला गेले आणि नाबाद म्हणाले. गलका शमेना. त्यांनी उजवा खिसा चाचपला, रिकामा होता. सामना संपला म्हणून त्यांनी बेल्स उचलल्या.

मास्तरांचा क्लब दोन धावांनी जिंकला. चष्मेवाल्याला पोरांनी खांद्यावर घेतलं. गडबडीत मुलीनेही बेरजेखाली रेघ ओढली, आणि मग तिचं लक्ष शेवटच्या षटकाच्या चौकटीकडे गेलं. तिथे पाचच खुणा होत्या. तिने पुन्हा मोजल्या. मग स्कोअरबुक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसली.

चहाच्या टेबलापाशी मास्तरांनी बटणं डबीत ठेवायला काढली, तर पाच. खिसा उलटा केला. कोपऱ्यातली शिवण उसवली होती. ते सरळ तिच्याकडे आले.

"शेवटच्या षटकात किती पडले गं?"

"राहू द्या ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळलंय?"

मास्तर रागावले नाहीत. पुस्तक उघडून त्यांनी बोटाने मोजलं, मिटून तिच्या हाती दिलं आणि कर्णधाराकडे गेले. चष्मेवाल्याला नियम तोंडपाठ होते. तो म्हणाला, की पंचाने चुकीचं मोजलं तरी त्याने मोजलं तेच षटक, नियमांच्या पुस्तकातच लिहिलंय. ते खरंच होतं.

"नियम बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण मी शिंपी आहे. माझ्याच खिशाला भोक पडलं, आणि त्यातून तू सामना जिंकायचा? हे काही मला पटत नाही."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पोरांना म्हणाला, "चला रे. एक चेंडू राहिलाय."

यजमानांचा कर्णधार प्लंबर होता, मघाशी पडलेला फलंदाज तोच. त्याने पॅड काढून ठेवले होते, ते पुन्हा बांधले. ऊन उतरत आलं होतं. मास्तर एकटेच पुढे, कोटाचा एक खिसा बाहेर लोंबतोय, आणि मागून दोन्ही संघ मुकाट्याने मैदानात चाललेत. ते बघताना ती जागेवरून अर्धी उठली आणि परत बसली. प्लंबरने तो चेंडू सीमेपार टोलवला.

परतताना व्हॅनमध्ये सगळ्यांची तोंडं उतरलेली. कुणीतरी म्हणालं, की मास्तर, लोकांच्या पँटी जरा जपून शिवा बरं. मास्तरच सगळ्यांत आधी हसले. मग तिला विचारलं, "रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी त्यांनी खिशाला दुहेरी शिवण घातली. सहावं बटण हवं म्हणून कोटाचंच वरचं बटण कापलं आणि डबीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून ते मशीनवर बसले, आणि शेजाऱ्याने हाक मारली तेव्हा मान मशीनवरच टेकलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबला पंच मिळेना. तिने स्कोअरबुक चष्मेवाल्याच्या बायकोकडे सोपवलं, कोट चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या. कापलेल्या वरच्या बटणाच्या जागी तिने दुसरं लावलं नाही.

नाणेफेकीला प्लंबर आपल्या नव्या खेळाडूंना सांगत होता, की या टोकाचे चेंडू तुम्ही मोजत बसू नका, ती मास्तरांच्या घरची मोजणी आहे. मग तो तिच्याजवळ आला.

"आम्ही आजही ती गोष्ट सांगतो लोकांना. त्या दिवशी घरी गेल्यावर काय म्हणाले हो मास्तर?"

"काही नाही," ती म्हणाली. "मीच काही बोलले नाही त्यांच्याशी."

प्लंबरने मान हलवली आणि तो आपल्या जागेवर गेला.

ती यष्टींमागे उभी राहिली. उजव्या खिशात हात घातला. सहा होती. त्यातलं एक जरा मोठं, कोटाचं. बोटांना कोपऱ्यातली दुहेरी शिवण लागली. गोलंदाज धावत यायला तयार होता. तिने हात आडवा करून त्याला थांबवलं. त्याला वाटलं, काही सूचना असेल.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "राहू द्या म्हटलं ते माझं चुकलं. तुम्ही परत मैदानात निघालात ना, तेव्हा मला वाटलं होतं की उठून ओरडून सांगावं, हे माझे बाबा आहेत."