चार नंबरमधला शेवटचा माणूस

अक्षताने चार नंबरच्या सर्व्हरकडे नवी माणसं पाठवणं थांबवलं आणि चहाचा कप जवळ ओढला. आता करण्यासारखं काही नव्हतं, नुसती वाट बघायची होती.

रक्ततपासणीच्या एका कंपनीच्या सगळ्या शाखांचं काम विक्रोळीच्या या खोलीतून चाले. शाखेत कुणी नोंद करायला बसलं, की चारपैकी एक सर्व्हर त्याला सांभाळून घेई. चार नंबर थकला होता, या रविवारी तो कायमचा बंद करायचा होता. नवे लोक उरलेल्या तिघांकडे वळवायचे, आतले आपापलं काम उरकून बाहेर पडले की बटण दाबायचं. आत माणूस असताना दार लावायचं नाही, हा नियम राणेकाकांचा. श्यामसुंदर राणे बावीस वर्षं याच खुर्चीवर बसले, मार्चमध्ये निवृत्त झाले आणि जाताना खुर्चीबरोबर हा नियमही अक्षताच्या गळ्यात घालून गेले.

सत्तावीस माणसं होती. मग नऊ झाली. साडेनऊला एकच उरला, आणि तो काही केल्या हलेना.

"कोण चिकटून बसलंय?" तिचा साहेब देवेश मागून म्हणाला. "उडव ना सरळ."

"नोंद अर्धी असेल रे कुणाची तरी. थांब दहा मिनिटं."

देवेश कुरकुरत कॉफी आणायला गेला. अक्षताने त्या शेवटच्या माणसाचं नाव उघडलं. राणेकाका.

निवृत्त माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं असतं. मार्चच्या कागदावर 'बंद केले' असं लिहून खाली तिनेच सही केली होती. पण तेव्हा काका शेजारी उभे राहून पेढे वाटत होते, त्यांच्यादेखत त्यांचं नाव पुसायला तिचा हात धजला नाही. उद्या करू म्हणून राहिलं ते राहिलंच. आता देवेश यायच्या आत उडवून टाकलं असतं, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

तिने फोन लावला.

"काका, तुम्ही आत आहात?"

काकांच्या वाकोल्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग काका ओशाळून म्हणाले, "हात नाय लावत गो कशाला. सकाळी चारी सर्व्हर हिरवे दिसले की बरं वाटतं."

"चार नंबर आज बंद करायचाय."

"मग थांबलीस कशाला?"

"तुम्ही आत होतात ना."

"चष्मा घेतो," काका म्हणाले. थोड्या वेळाने स्क्रीनवर एकाचं शून्य झालं.

देवेश परत आला. "गेला? कोण होता?"

कुठल्यातरी शाखेचं नाव अक्षताच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"राणेकाका. त्यांचं लॉगिन मी बंद केलंच नव्हतं. सही मात्र केली होती."

देवेशने कप खाली ठेवला. "लेखी दे," एवढंच तो म्हणाला.

तिने लेखी दिलं. मग चार नंबर बंद केला आणि सगळ्यात शेवटी काकांचं नाव काढलं. ते काढताना तिला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

सोमवारी आल्या आल्या तिने आधी सर्व्हरवर नजर टाकली. पर्स खांद्यावरून न उतरवताच वाकोल्याला मेसेज केला, "तीन हिरवे आहेत, काका. चौथा बंद केला तेव्हा आत कुणी नव्हतं."