नवऱ्याच्या पाटावरचा खांडा

मी खांडा बोलतोय. दचकू नका, मी भिंतीवर आहे आणि खुंट्या पक्क्या आहेत. दोन्ही बाजूंनी धार, मुठीवर चांदीचं पाणी, आणि अंगावर रक्ताचा एकही डाग नाही. हे शेवटचं मी परक्यांना सांगत नाही, पण तुम्ही घरचे.

तीनदा मी नवऱ्याच्या पाटावर बसलोय. मुंडासं घालून, बाशिंग बांधून, वाजतगाजत. नवरा मात्र एकदाही नव्हतो. पहिल्या दोन वेळा सगळं ठरल्यासारखं पार पडलं. तिसऱ्यांदा खुद्द नवरीनंच मला भर मांडवात पाटावरून उचललं. तीच हकीकत सांगायची आहे, पण आधी माझ्या जन्माचं ऐका, नाहीतर मी कोण आसामी आहे ते तुम्हाला कळायचं नाही.

मला घडवलं तंजावरात, राजवाड्यामागच्या लोहारआळीत. आकाशातून पडलेल्या लोखंडाचा मी. तो गोळा वडवार नदीत पडला तेव्हा पाणी असं उकळलं, की काठच्या सात गावांनी त्यात भात शिजवून घेतला. ऐन घडवताना लोहाराचा भाता फुटला, म्हणून त्यानं सासऱ्याला फुंकर मारायला बसवलं. मी तयार झालो तेव्हा सासरा सुपारीएवढा उरला होता. शेजारी टांगलेली ढाल म्हणते, की मी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून झालो. ढालीचं मनावर घेऊ नका. जन्मभर मार खाल्लेल्यांची नजर अशीच होते.

लढाई म्हणाल, तर पाहिली आहे. म्यानातून.

माझं खरं काम वेगळं होतं. आम्हा मराठ्यांत एक जुनी रीत आहे. नवरा मोहिमेवर आहे, आजारी आहे, कुठं अडकलाय, आणि मुहूर्त तर टळू द्यायचा नाही; अशा वेळी नवऱ्याचा खांडा पाठवायचा. नवरी त्याला माळ घालते, लग्न लागतं. नवरा सवडीनं येतो आणि बायकोला घेऊन जातो. माझ्या पहिल्या धन्याचा हत्ती वेण्णार नदीकाठच्या उसात शिरला आणि ऊस संपेपर्यंत हलेना. दुसऱ्या धन्याची दाढ सुजली होती. आम्ही दोन्ही वेळा ‘मोहिमेवर’ असंच सांगितलं.

मग राजे गेले, राज्य गेलं, आणि माझं काम गेलं. दसऱ्याला एक झेंडूची माळ, एक लिंबू, बाकी वर्षभर गंज. मधल्या एका पिढीत तर माझ्यावर ओली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, वाळत घालत. माणसांची ही खोड मी पाहून ठेवली आहे. ज्याची पूजा करतात, त्याच्यावरच ओले कपडे टाकतात.

एकोणीसशे पंचावन्न साली माझं नशीब पुन्हा उघडलं. तेव्हा घराचे कारभारी होते सीतारामराव, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा थोरला भाऊ वारला तेव्हा भावाचा मुलगा सूर्यनारायण लहान होता. वेण्णारकाठची भातशेती, घर, मुलाचं शिक्षण, सगळं सीतारामरावांनी सांभाळलं, आणि चांगलं सांभाळलं. आता सूर्यनारायण मोठा होऊन दूर हिराकूडच्या धरणावर ओव्हरसियर झाला होता. तरी घरातली मोठी खुर्ची, किल्ल्या आणि शेवटचा शब्द अजून काकांकडेच होता.

लग्नही काकांनीच ठरवलं. मुलगी कनकलता, राजवाड्यापलीकडच्या गल्लीतली, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. सूर्यनारायणानं तिला एकदा पाहिलं, मग पत्रं लिहायला लागला. एका पत्रात त्यानं धरणाची उंची कळवली, तर उलट टपाली तिनं राजवाड्याच्या मनोऱ्याची कळवली. दोघांचं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तार आली. वादळ, पूर, बेझवाड्यापुढे रूळ वाहून गेले, गाडी थांबली आहे, येतोच आहे.

आमच्या ओट्यावर माणसं जमली. नवरीचे वडील बाळकृष्णराव धावत आले. ते जवाहिऱ्याच्या पेढीत कामाला, गरीब गाय माणूस. शेजारचे वकील राममूर्ती काफीचा पेला घेऊन आधीच बसले होते. राममूर्ती तमिळ, पण सारा जन्म आमच्या गल्लीत गेल्यानं मराठी आमच्याहून मोठ्यानं बोलायचे.

सीतारामरावांनी येरझारा घातल्या, मग भिंतीकडे बोट केलं. “मुहूर्त टळणार नाही. उद्या हा बसेल पाटावर. इंग्रजीत ह्यास शब्द आहे. रीजंट.”

“रीजंट हें टॉकीजचं नाव, राव,” राममूर्ती म्हणाले. “मद्रासेस आहे. दोनदा झोपलोंय मी त्यांत.”

“लंडनास त्या नावाची बाग आहे म्हणतात. रस्ताही आहे,” कोणीतरी म्हणालं.

बाळकृष्णराव हळूच म्हणाले, “तो तर हिरा. आपल्या दक्षिणेतल्या खाणीतला. मद्रासेहून विलायतेस गेला, तेथून फ्रान्सच्या राजाच्या मुकुटात.”

“अहो, बागेस, रस्त्यास, हिऱ्यास, सगळ्यांस नाव माणसांवरून पडलं,” सीतारामराव तापले. “राजा लहान असला, दूर असला, तर त्याच्या जागी बसून राज्य चालवतो तो रीजंट. ह्या घरात इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?”

“सरि, ठीक. म्हणजे एका रीजंटानं दुसरा नेमला,” राममूर्ती म्हणाले. “पण दिल्लीत यंदाच लग्नाचा नवा कायदा झालाय. त्यांत नवरा म्हणजे माणूस धरलाय, राव.”

“दिल्लीस आमची रीत काय ठाऊक?” सीतारामराव म्हणाले, आणि विषय संपला. पुढचा मुहूर्त थेट पोंगलनंतर होता. बाळकृष्णरावांनी मान डोलावली.

मला तो शब्द मनापासून आवडला. विचार करा, हिरा, बाग, रस्ता, टॉकीज, एवढ्यांनी तो मिरवला आणि एकालाही कुणाच्या जागी बसावं लागलं नाही. काम मी करत होतो.

सकाळी मला राख लावून घासलं, तेल दिलं, मुंडासं चढवलं. पाऊस होता तरी छत्री धरून मिरवणूक निघाली. नागस्वरवाल्यानं माझं रूप पाहून सूर वर नेला. राजवाड्यावरचे पारवेसुद्धा ओळीनं उठून उभे राहिले. ढाल घरी होती, तिला विचारू नका.

लग्न एका छत्रात, म्हणजे धर्मशाळेत होतं. मला पाटावर ठेवलं. समोरच नवरीची आजी अंबा बसली होती, ऐंशीच्या पुढची, डोळे मात्र लख्ख. तिनं मला पाहिलं आणि तिच्या हातातलं अक्षतांचं तबक खाली आलं.

“हें काय आणलं?” तिनं मुलाला विचारलं.

“खांडा आहे, आई. सूर्यनारायणाच्या जागी. मान आहे हा.”

“मान,” अंबा म्हणाली. “माझी आत्या नागलक्ष्मी अशीच खांड्यास माळ घालून राजवाड्यात गेली. मालक येईल म्हणाले. आला, पण नवरा म्हणून नव्हे. तिला लुगडीं मिळालीं, दागिने मिळाले, पोटभर जेवण मिळालं. पण पंगतीत तिचं पान राण्यांच्या ओळीत कधी मांडलं नाही. खांड्याची बायको म्हणत तिला. मेली तेव्हाही तसंच म्हणाले.” मग सीतारामरावांकडे वळून म्हणाली, “तुम्ही मान म्हणून आणलांत, तें कळतं मज. पण आमच्या गल्लीत ह्याचा अर्थ काय घेतात, तें तुम्ही विसरलां.”

तो खांडा मी नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण लोखंडाला घाम फुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. लोकांना वाटलं, पाऊस.

कनकलता शालू नेसून, मुंडावळ्या बांधून शेजारच्या पाटावर येऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, “थोडं थांबा. मामंजी, एक विचारतें. हा इथं कोण म्हणून बसलाय?”

“रीजंट म्हणून,” सीतारामराव म्हणाले. “तू तर इतिहास शिकवतेस.”

“शिकवतें, म्हणून विचारतें. रीजंट राज्य चालवतो, न्याय करतो, पाहुण्यांस भेटतो. राज्याभिषेक स्वतःस करून घेतो?”

“नाही घेत.”

“मग ह्यानं पाहुण्यांचं स्वागत करावं. पंगतीत पहिलं पान ह्याचंच. मंगळसूत्र मात्र ज्याचं त्यानं येऊन बांधावं.”

“मुहूर्त टळेल, पोरी.”

“टळूं दे.”

सीतारामरावांना चार माणसांत कुणी कधी असं बोललं नव्हतं. “टळला, तर हें लग्न मी मोडलं म्हणून समज.”

नागस्वरवाला वाजवायचा थांबला. मांडवातून उठलेल्या मुलीला पुन्हा स्थळ येत नाही, हे तिथल्या स्वयंपाक्यांनासुद्धा ठाऊक होतं. बाळकृष्णराव पुटपुटले, “कनका, ऐक ग.” मी तिच्या अगदी जवळ होतो. तिला तो धरणाची उंची कळवणारा माणूसच हवा होता, आणि आता तो हातचा जायची वेळ आली होती.

“तें तुम्ही मोडायचं नव्हे, मामंजी,” ती म्हणाली. “ज्याचं लग्न, त्यानं येऊन मोडावं. तुम्हीही त्यांच्याच जागी बसलां आहां ना?”

मग तिनं झोपलेलं मूल उचलावं तसं मला दोन्ही हातांनी उचललं आणि सीतारामरावांच्या मांडीवर ठेवलं. परत येऊन रिकाम्या पाटाशेजारी बसली. मुहूर्त टळून गेला. मुठींतल्या अक्षतांचं काय करावं, कुणालाच कळेना. बहुतेकांनी खिशात टाकल्या. एकानं खाल्ल्या.

पंगतीत पहिलं पान खरंच मला वाढलं. पुरणपोळी, सांबार, भाताची मूद, त्यावर तुपाची धार. राममूर्तींनी माझ्या वतीनं सगळं संपवलं. “रीजंटाचा रीजंट,” म्हणाले.

सीतारामराव उठून घरी गेले असते, तर लग्न तिथंच मोडलं असतं. पण ते गेले नाहीत. छत्राच्या दाराशी खुर्ची टाकून मला मांडीवर घेऊन बसले. भाचरं, पाहुणे, कुणाशीच बोलले नाहीत. मला वाटलं, पुतण्या येताच आधी आपण त्याला गाठायचं आणि लग्न मोडायचं, हाच बेत. आत अंबा नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला, आणि कांद्याची एक लॉरी दाराशी थांबली. तीतून सूर्यनारायण उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, पायात एकच चप्पल.

सीतारामरावांनी त्याला तिथंच अडवलं. “तुझी नवरी ऐन मुहूर्तास अडून बसली. खांड्यास माळ घातली नाही. शंभर माणसांत मला उत्तर केलं. आतां काय तें तूं ठरव.”

सूर्यनारायणानं आधी पाणी मागितलं. तांब्या संपवला. “मग पाटावर कोण होतं, काका?”

“कोणी नाही. तिनं कोणास बसूंच दिलं नाही.”

“अजून रिकामा आहे?”

सीतारामरावांनी माझी मूठ चाचपली. खोटं बोलायला ती जागा चांगली होती. “आहे,” ते म्हणाले.

“मग मी बसतों. पाय धुऊन येतों.”

भटजींनी पंचांग काढून आज काहीच नाही अशी मान हलवली. अंबानं त्यांना विचारलं, “आभाळांत सूर्य दिसतो ना? मग लावा.” आणि लग्न लागलं. नखांत चिखल असलेल्या बोटांनी सूर्यनारायणानं मंगळसूत्र बांधलं. मी सीतारामरावांच्या मांडीवरून पाहिलं. तोवर मी लग्नं फक्त पाटावरून पाहिली होती. बाजूनं लग्न जास्त चांगलं दिसतं.

पुढं सीतारामराव कित्येक महिने सुनेशी बोलले नाहीत. बोलायचं झालं तर मांजराला उद्देशून बोलत. मांजराला हिशेब, निरोप, भाताचा भाव, सगळं पाठ झालं होतं. मग धरण पुरं झालं, सूर्यनारायण इकडच्याच कालव्यांवर बदलून आला, आणि कधी कुणास ठाऊक, मोठी खुर्ची सोडून सीतारामराव खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसायला लागले. कुणी त्यांना उठवलं नव्हतं.

मागच्या वर्षी, पासष्ट साली, ओरत्तनाडुहून आमचे एक नातलग तुळजाराम आले. त्यांचा मुलगा फौजेत, लढाईमुळं रजा रद्द झालेली, मुहूर्त तोंडावर. “तुमचा खांडा द्या, राव. पूर्वी दिला होता म्हणे.”

मी आतल्या आत ताठ झालो. चौथ्या लग्नाला माझी काही हरकत नव्हती.

सीतारामरावांनी विचारलं, “मुलीस विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? मान आहे हा.”

“मजही तसंच वाटलं होतं,” सीतारामराव म्हणाले. “आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तरी ह्यास दाराशी बसवा, आल्यागेल्याचं बघेल. पाटावर नको. पाट तुमच्या मुलासाठी रिकामा ठेवा, किती का दिवस लागेनात.”

कनकलता आतल्या दारात उभी होती, हाताला पीठ. पदरानं डोळे पुसायला गेली आणि गालावर पीठ लागलं. ते तसंच ठेवून ती तुळजारामांना जेवायला थांबा म्हणाली.

मुलीनं नको म्हटलं, असं नंतर कळलं. मुलगा रजेवर सुखरूप आला, तेव्हा लग्न झालं. मी इथंच भिंतीवर होतो. दर आठवड्याला तेल मिळतं, तब्येत उत्तम आहे. ढालीला तेवढं मिळत नाही.

आता तुमच्याकडं एकच मागणं आहे. मला कुणाच्याही जागी बसवा, मी बसेन, आणि अशा ऐटीत बसेन की खऱ्या मालकानं पाहून शिकावं. पण तो दारात आला की मला उठवत जा. माझं मला उठता येत नाही. मला पाय नाहीत.