थोरलीने जाळलेल्या पेट्या

मधमाश्यांतलं सगळं कळायचं थोरलीला, आणि मध निघायचा धाकटीचा. दोघी सख्ख्या जावा, मध्ये एक कुंपण, दोन्हीकडे सहा-सहा पेट्या. थोरली या कामात बारा वर्षं मुरलेली, धाकटीला जेमतेम तीन झालेली. तरी गेल्या हंगामात धाकटीला दीडपट मध मिळाला. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" तेव्हापासून थोरलीने तिला शिकवणं सोडाच, विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तरही दिलं नव्हतं.

म्हाताऱ्या मधवाल्याने धंदा आवरायला काढला, तशा दोघी त्याच्या शेडवर गेल्या. धाकटीने चार जुन्या पेट्या निवडल्या, आतल्या तयार पोळ्यांसकट.

"ताई, बऱ्या आहेत ना?"

थोरलीने पोळ्याची एक चौकट उचलून उजेडात तिरकी धरली. षटकोनी घरांच्या तळाशी काळपट खपल्या दिसल्या. काडीने खरवडल्या, तरी सुटेनात. अळ्या सडवणारा रोग! लाकडात वर्षानुवर्षं दबा धरून बसणारा. म्हाताऱ्याची नजर अधू, त्याला पत्ताच नसावा.

"छान आहेत की," थोरली म्हणाली. मनात म्हणाली, बघू आता हाताचा गुण!

पण धाकटीच्या माश्या मेल्या, की तिथला बेवारस मध लुटायला आधी कोण धावणार? थोरलीच्याच माश्या. मधाबरोबर रोगही घरी आणणार.

सांगून टाकावं? पण सांगायचं म्हणजे दाखवायचं, आणि दाखवायचं म्हणजे शिकवायचं.

"काका, या चारही मला द्या. दुप्पट देते."

"अहो ताई, मी आधी हात लावलाय!"

"हातच लावलास ना? पैसे कुठे दिलेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या खड्ड्यात तीन पेट्या धडधडून पेटल्या. चौथी थोरलीने तीन-तीनदा तपासून स्वतःसाठी ठेवली होती. धूर पाहून धाकटी तरातरा आली.

"मला मिळू नयेत म्हणून जाळता? इतका जळफळाट?"

शब्द वर्मी लागला. थोरलीने आगीत टाकायची राहिलेली एक चौकट तिच्या हातात कोंबली. "ये इकडे. उजेडाकडे पाठ कर. तिरकी धर. तळाशी बघ."

धाकटीने बराच वेळ पाहिलं. "खपल्या आहेत... रोग आहे हा?" मग हळूच म्हणाली, "काल का नाही बोललात?"

थोरली काठीने निखारे सारत राहिली.

धाकटीने चौथी पेटी उघडली, एकेक चौकट काढून तशीच तिरकी धरली. पाचवीवर थांबली.

"ताई, हिच्यातही आहे. या कोपऱ्यात, एकच खपली."

थोरलीने डोळे बारीक करून पाहिलं. होती. बारा वर्षांच्या नजरेतून निसटलेली, एवढीशी.

"मेलीचे डोळे आहेत की भिंगं," ती दातओठ खात पुटपुटली आणि पेटी आगीत लोटली.