उत्तराची जागा

मार्नी ट्रेडवेने टेप मागे नेली आणि तीच जागा तिसऱ्यांदा लावली.

हॉबर्ट स्लोन टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता. स्पीकरमधून त्याचाच आवाज येत होता. गाण्यातला माणूस पुराच्या नदीकाठी उभा राहून पलीकडच्या घराला हाक मारतो, कुणी जागं आहे का? इथे आवाज थांबला. गिटार चालू राहिली, व्हायोलिनसारखं फिडल चालू राहिलं, गाणारा मात्र गप्प. बऱ्याच वेळाने शेवटची ओळ आली ती चिरकलेली, जेमतेम सुरात.

"बंद कर," हॉबर्ट म्हणाला.

"मिस्टर हॉबर्ट, इतक्या वर्षांत या खोलीत असं काही रेकॉर्ड झालेलं नाही."

"खरं आहे. इतकं वाईट नसेलच झालं."

खोली म्हणजे नॉक्सव्हिलमधली एक जुनी लाँड्री. कपडे धुण्याची मशीनं कधीच भंगारात गेली होती, पण पावसाळी हवेत भिंतींना अजून साबणाचा वास सुटायचा. इथून मार्नी तिची टिन बकेट ही रेकॉर्ड कंपनी चालवत होती. नॅशव्हिलच्या मोठ्या कंपन्या गावाकडची कंट्री गाणी घासूनपुसून इतकी चकचकीत करत की गाणारा कुठल्या गावचा ते कळू नये. त्याला विटलेली माणसं मार्नीच्या रेकॉर्ड्स शोधत येत. दारावर तिने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'इथे इस्त्री होत नाही.' लोक त्या पाटीसमोर फोटो काढत. अलीकडे काही तरुण गायक चांगला आवाज मुद्दाम फाडून गायला लागले होते. ते मार्नीला दिसत होतं, पण त्या पाटीवर तिचं पोट होतं आणि खरं सांगायचं तर श्रद्धाही होती.

हॉबर्टने आवाज फाडलेला नव्हता. म्हणून तर रेकॉर्डसाठी तिला गाण्याची तीच खेप, तोच टेक हवा होता.

त्याने सत्तरी ओलांडली होती आणि एकट्याच्या नावाची ही त्याची पहिलीच रेकॉर्ड होती. तरुणपणी तो आणि त्याची बायको व्हर्नेल शनिवारी रेडिओवर जोडीने गात. नदीचं हे गाणं दोघांनी स्वयंपाकघरात बसून रचलं होतं. मग नॅशव्हिलच्या एका कंपनीने कळवलं की आम्हाला फक्त पुरुष हवा आहे, आणि हॉबर्ट गेला. तिथे त्याचं काहीच झालं नाही. हात हलवत परत आला तेव्हा दाराला आतून कडी होती, ती पुन्हा निघाली नाही. ही गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती आणि त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

"दुसरा टेक लाव," तो म्हणाला.

तिने लावला. त्यात हाकही तोच मारत होता आणि पलीकडचं उत्तरही तोच देत होता. स्वच्छ, गोल आवाज, कुठे सुरकुती नाही.

"छान आहे," मार्नी म्हणाली. "अगदी इस्त्री केलेला."

"माणसाने जन्मात एकदा इस्त्रीचा शर्ट घालावा की नाही?"

मार्नीने टेप थांबवली.

"पोरी, ऐक. त्या हाकेला व्हर्नेल उत्तर द्यायची. मी सवयीने थांबलो. म्हातारा माणूस विसरला, एवढंच झालं. तू ते बाजारात मांडणार आणि लोक म्हणणार, वा, काय दुःख आहे. तो टेक घालायचा असेल तर रेकॉर्डवरून माझं नाव काढ. एकही गाणं ठेवू नकोस."

तो हे शांतपणे म्हणाला, म्हणून मार्नीला भीती वाटली. ती दोन्हीकडून अडकली होती. हा माणूस पुन्हा गायला बसणार नव्हता, आणि तो टेक टाकून द्यायचा तर दारावरची पाटीही उतरवावी असं तिला वाटत होतं.

"गाणं अर्धं त्यांचंही आहे ना?" ती म्हणाली. "मिस व्हर्नेलना विचारू?"

हॉबर्टने पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

"विचार. अंगावर कुत्रं सोडेल."

"आणि त्या म्हणतील ते?"

"ती म्हणेल ते."

व्हर्नेलचं कुत्रं म्हातारं होतं. मार्नीची गाडी डोंगर चढून अंगणात शिरली तेव्हा त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. व्हर्नेल ओसरीवर बसून हिवाळ्यासाठी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत होती. ओवून झालेल्या माळा खांबांना टांगून वाळत होत्या.

"हॉबर्टने पाठवलं?" तिने सगळं ऐकून घेऊन विचारलं. "मी म्हटलं, मेला की काय."

"नाही. बरे आहेत."

"मग घाई नाही. बस. ती सुई घे, रिकाम्या हाताने बसलेली माणसं मला बघवत नाहीत."

मार्नीने सुई घेतली. कॅसेट प्लेअर पायरीवर ठेवला आणि आधी स्वच्छ टेक लावला. व्हर्नेल शेंगा ओवतच ऐकत होती.

"गातो अजून," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "माझी ओळसुद्धा गातो. माझ्याहून सरळ लागलाय सूर मेल्याचा."

"आता दुसरा ऐका."

हाक आली आणि आवाज थांबला. व्हर्नेलची सुई शेंगेत अर्धी शिरली होती, ती तिथेच राहिली. फिडल एकटंच वाजत होतं. शेवटची चिरकलेली ओळ येऊन गेली, टेप संपली, तरी तिने सुई ओढली नाही.

"परत लाव."

या वेळी तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि टाचेने हळू ठेका धरला.

"तो काय म्हणाला, का थांबला?"

"सवयीने थांबलो म्हणाले. तिथे तुम्ही उत्तर द्यायचात म्हणून."

"सवयीने." व्हर्नेल कोरडं हसली. "माझं उत्तर एका ओळीचं, पोरी. 'थांब, होडी घेऊन येते.' संपलं. ते होतंय न होतंय तोच हा शेवटची ओळ उचलायचा. मला दमसुद्धा घेऊ द्यायचा नाही. रेडिओ केंद्राच्या जिन्यावरच भांडायचो आम्ही त्यावरून." तिची टाच अजून हलत होती. "इथे तो एक ओळ थांबला. ती सवय. मग ती ओळ गेली, याने उचललं नाही. आणखी एक ओळ थांबला."

कुत्र्याने कूस बदलली.

"ती सवय नाही," व्हर्नेल म्हणाली.

त्या टेकमध्ये काय आहे ते मार्नीला आत्ता कुठे कळलं होतं, आणि आता तो तिला दुप्पट हवासा वाटत होता.

"मिस व्हर्नेल, म्हणूनच तर तो—"

"म्हणूनच तर नाही. तुला बोल लावत नाही मी, तुझं कामच ते आहे. पण तो काही दुकानात येणाऱ्या लोकांसाठी थांबला नव्हता."

मार्नीने तीन शेंगा ओवल्या, तिन्ही वाकड्या.

"नीट गायलाय तो टेक घाल," व्हर्नेल म्हणाली. "एकदाचं नीट गायचं आहे त्याला, तर गाऊ दे. आणि हा दुसरा मला दे."

मार्नीने कॅसेट काढून पुढे केली.

"ही नको. रीळ दे. मूळचं."

"या कॅसेटखेरीज त्याची दुसरी प्रत नाही."

"तेच म्हणते मी. ही कॅसेट पुसून टाक."

"पण रीळ लावायला मोठं मशीन लागतं. तुमच्याकडे..."

"काय लागतं ते मला ठाऊक आहे. पोस्टाने पाठवू नकोस, ते लोक उन्हात ठेवतात. कुणाच्या तरी हाती दे." तिने सुई उचलली आणि मार्नीच्या वाकड्या शेंगा एकेक करून काढायला घेतल्या. "तुला शेंगा ओवता येत नाहीत."

परतताना मार्नीने गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला उभी केली. कॅसेट खिशात होती. तिची प्रत ठेवली तर कुणाला कळणार नव्हतं. तिला राग आला होता आणि तो नेमका कुणाचा, ते ठरवता येत नव्हतं. लाँड्रीत पोचल्यावर तिने कॅसेट पुसली. मग मोठ्या रिळावरून ते गाणं ब्लेडने कापून वेगळं केलं, छोट्या रिळावर गुंडाळलं आणि पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. कापायच्या आधी एकदा ऐकलं, आणि त्या दुसऱ्या रिकाम्या ओळीपाशी तिला रडू आलं.

सकाळी हॉबर्ट आला. बसला नाही.

"मग? काय म्हणाली?"

"नीट गायलाय तो घाल म्हणाल्या."

"मी सांगत होतो." जिंकल्यासारखं म्हणायला गेला, पण तसं म्हणता आलं नाही. "ऐकला तिने? तो दुसरा?"

"दोनदा."

त्याने मान हलवली. भिंतीवरच्या जुन्या जाहिराती वाचत राहिला.

"पुसलास ना तो?"

"नाही. त्यांनी मागितला." मार्नीने डब्यावर हात ठेवला. "इथे आहे. कुणाच्या तरी हाती पाठवायला सांगितलाय. मी कॅसेट देत होते, ती नको म्हणाल्या. रीळच हवं."

"रीळ?"

"हो. मी म्हटलंसुद्धा, मशीन लागेल. तर म्हणाल्या, मला ठाऊक आहे."

हॉबर्ट खाली बसला. टोपी काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"ते मशीन आमचं होतं," तो म्हणाला. "रेडिओवर जायच्या आधी आम्ही त्याच्यावर ऐकून बघायचो. वाटणी झाली तेव्हा मी नको म्हणत होतो, तिने बळंच माझ्या ट्रकमध्ये चढवलं. म्हणाली, तूच ऐकत बस आता." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. "चालतं अजून."

तो उठला, डबा काखेत धरला आणि दाराकडे निघाला.

"पत्ता लिहून देऊ?" तिने उगाच विचारलं.

"नको."

ती पाटीखाली उभी राहून त्याचा ट्रक बघत होती. चौकातून डावीकडचा रस्ता डोंगराकडे जातो, व्हर्नेलच्या घराकडे. ट्रक चौकात बराच वेळ थांबला. मग उजवीकडे, त्याच्या स्वतःच्या घराकडे वळला, आणि मार्नीचं मन खट्टू झालं. ती आत आली, स्वच्छ टेक मशीनवर चढवला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की रीळ ऐकायचं ते जुनं मशीन त्याच्या घरी आहे, डोंगरावर जायचं तर ते आधी ट्रकमध्ये चढवावं लागेल.